‘म्हणे’चे गाव : गंगाखेड, जनाबाई आणि समीक्षेतील मधले स्थळ

१

मराठी समीक्षेने स्थळाचा विचार केलेला नाही, असे म्हणता येणार नाही. प्रादेशिक कादंबरीच्या चर्चेत, ग्रामीण साहित्याच्या चळवळीत आणि देशीवादाच्या मांडणीत स्थळ हा घटक पुन्हा पुन्हा आलेला आहे. तथापि या सर्व चर्चांत स्थळाचे वर्गीकरण दोनच कोटींत होत आले : नागर आणि ग्रामीण. एका टोकाला मुंबई-पुणे, दुसऱ्या टोकाला वाडी-वस्ती. ‘बनगरवाडी’ (१९५५), ‘गोतावळा’ (१९७१), ‘पाचोळा’ (१९७१) या कृतींच्या आधाराने ग्रामीणतेचे निकष सिद्ध झाले; नागरतेचे निकष नवकथा आणि नवकाव्य यांच्या आधाराने आधीच रूढ झालेले होते. या दोहोंच्या मधे जे स्थळ उरते, त्याला समीक्षेच्या परिभाषेत नाव नाही. तालुक्याचे गाव, बाजाराचे गाव, कचेरीचे गाव असे आपण व्यवहारात म्हणतो. परंतु या शब्दांना समीक्षासंज्ञेचा दर्जा मिळालेला नाही. प्रस्तुत निबंधात अशा एका मधल्या स्थळाच्या निमित्ताने ही उणीव तपासावयाची आहे.

हे स्थळ म्हणजे परभणी जिल्ह्यातील गंगाखेड. गावाच्या उत्तरेला गोदावरी आहे आणि दक्षिणेला बालाघाटाची रांग सुरू होते. नदी आणि डोंगर यांच्यामधल्या काळ्या पट्ट्यात हे गाव वसलेले आहे. परभणीहून परळीकडे जाणारी रेल्वे गोदावरीचा पूल ओलांडून येथे येते. विदर्भातून पंढरपूरला निघालेली शेगावच्या गजानन महाराजांची पालखीही याच वाटेने येते आणि पुढे डोंगर चढून परळीकडे जाते. तहसील कचेरी, न्यायालय, बाजार, महाविद्यालय, बसस्थानक अशी तालुक्याच्या गावाची सर्व लक्षणे येथे आहेत. दक्षिणेकडच्या डोंगरपट्ट्यातील राणीसावरगावसारख्या गावांचा कामकाजाचा रस्ता येथेच उतरतो.

गावाचे नावच आपल्या द्विविध वर्गीकरणाला अडचणीत आणणारे आहे. मराठवाड्यात गोदावरीला ‘गंगा’ म्हणतात. त्यामुळे नावाचा पूर्वार्ध तीर्थाचा आहे. उत्तरार्ध ‘खेड’ असा, म्हणजे खेड्याचा आहे. आणि कारभार मात्र नगरपरिषदेचा आहे. म्हणजे जे स्वतःला खेडे म्हणवते आणि ज्याला शासन नगर म्हणते, असे हे स्थळ आहे. डोंगराच्या नावाचाही विचार करण्याजोगा आहे. ‘बाला’ हा फार्सी शब्द वरच्या बाजूचा वाचक आहे. मोगलकालीन वऱ्हाडात घाटावरचा प्रदेश तो बालाघाट आणि घाटाखालचा तो पाईनघाट असा भेद केला जाई. हे नाव खालून वर पाहणाऱ्याच्या दृष्टीला सोयीचे आहे. पायथ्याशी उभे राहिल्याशिवाय ‘वर’ या शब्दाला अर्थ येत नाही. स्थळाचे नाव हे अशा रीतीने पाहणाऱ्याच्या जागेचेही नाव असते. समीक्षेच्या संज्ञांनाही हेच लागू पडते. ‘ग्रामीण’ हा शब्द कोणत्या जागेवरून उच्चारला जातो, हा प्रश्न म्हणूनच अप्रस्तुत नाही.

२

पाश्चात्त्य विचारात या प्रश्नाच्या दोन मांडण्या आपल्याला उपयोगी पडतात. पहिली रेमंड विल्यम्स यांची. ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथात त्यांनी इंग्रजी साहित्यातील गाव आणि शहर या प्रतिमांचा इतिहास मांडला आहे. या दोन प्रतिमा परस्परविरोधी म्हणून उभ्या केल्या जातात, त्यामुळे त्यांना जोडणारे आर्थिक आणि सामाजिक संबंध झाकले जातात, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा आहे. विल्यम्स स्वतः वेल्सच्या सीमेवर, ब्लॅक माउंटन्स या डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेल्या पँडी या गावात वाढले. त्यांचे वडील रेल्वेत सिग्नलवर काम करीत. ना शेतकरी, ना शहरी, अशा घरातून आलेल्या माणसालाच गाव-शहर या द्वंद्वाचा खोटेपणा प्रथम जाणवावा, हे स्वाभाविक होते. त्यांच्या कादंबरीचे नावही ‘बॉर्डर कंट्री’ (१९६०) असे आहे.

दुसरी मांडणी मिखाईल बाख्तिन यांची. कादंबरीतील कालावकाशाच्या विवेचनात त्यांनी लहान प्रांतिक गावाचा स्वतंत्र उल्लेख केला आहे. फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’तील गाव हे त्यांचे उदाहरण. अशा गावात घटना घडत नाहीत, व्यवहार तेवढे पुन्हा पुन्हा होतात. काळ तेथे चिकट आणि वर्तुळाकार असतो. म्हणून तो कादंबरीचा प्रधान काळ होऊ शकत नाही, केवळ पार्श्वभूमी म्हणून येतो, असे बाख्तिन म्हणतात.

बाख्तिनचे हे निरीक्षण फ्लोबेरपुरते मार्मिक आहे. परंतु ते तसेच उचलून तालुक्याच्या गावाला लावता येत नाही. गंगाखेडसारख्या गावात एकच काळ नसतो. आठवडी बाजाराचा काळ वेगळा, कोर्टाच्या तारखांचा वेगळा, आषाढीच्या दिंड्यांचा वेगळा, खरीप-रब्बीचा वेगळा आणि दसऱ्या-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांचा वेगळा. हे सर्व काळ या गावात एकमेकांना छेदतात. डोंगरातल्या शेतकऱ्याला एका दिवसात यांपैकी तीन काळांतून जावे लागते : सकाळी बाजार, दुपारी कचेरी, संध्याकाळी परतीची गाडी. हे गाव थांबलेले आहे असे ज्याला वाटते, त्याचे घड्याळ राजधानीचे असते. गावाची स्थिरता हा बऱ्याचदा पाहणाऱ्याच्या स्थानाचा परिणाम असतो.

मराठीत या मधल्या स्थळाच्या सर्वांत जवळ गेलेली कादंबरी बहुधा भालचंद्र नेमाडे यांच्या ‘बिढार’, ‘जरीला’, ‘झूल’ या मालेत सापडते. लहान गावांतील महाविद्यालये, भाड्याच्या खोल्या, संस्थाचालकांचे राजकारण हे तिचे द्रव्य आहे. परंतु तेथेही गाव दिसते ते बाहेरून नोकरीसाठी आलेल्या आणि पुन्हा निघून जाणाऱ्या प्राध्यापकाच्या नजरेने. बिढार या शब्दातच मुक्काम हलविण्याची सूचना आहे. जो मुक्काम हलवीत नाही, ज्याचे घर तेथेच आहे, त्याच्या दृष्टीने हे स्थळ कसे दिसते, हा प्रश्न तेथेही शिल्लक राहतो.

३

गंगाखेडच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. कारण हे गाव ज्या नावासाठी ओळखले जाते, ते नाव गाव सोडून गेलेल्या एका मुलीचे आहे. परंपरेनुसार जनाबाईचा जन्म गंगाखेडचा. वडील दमा, आई करुंड. लहान वयातच ती पंढरपुरास नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी आली आणि त्या घरची दासी म्हणून राहिली. तिच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग सांगितले जातात आणि ते नामदेवगाथेच्या आश्रयाने आपल्यापर्यंत आले आहेत. गंगाखेडात तिचे मंदिर आहे आणि गाव तिला आपली म्हणते.

आता संहितेकडे वळावे. जनाबाईच्या प्रसिद्ध अभंगांत गंगाखेड हे स्थळ म्हणून उभे राहत नाही. तिचे स्थळ पंढरपूर आहे आणि त्यातही वाळवंट किंवा महाद्वार यांपेक्षा अधिक ठळक आहे ते घराचे आतले स्थळ : जाते, उखळ, मुसळ, केर, शेणगोवऱ्या, पाणी, धुणे. माहेर-पितरांचा उल्लेख येतो तो त्यांच्या नसण्याच्या रूपाने. आईबापांविना उरलेली आणि म्हणून विठ्ठलावर हक्क सांगणारी मुलगी असे तिचे आत्मचित्र आहे. तिची नाममुद्राही गावाची नाही, घराची आहे : ती स्वतःला नामयाची दासी, नामयाची जनी म्हणवते. संतकवींच्या मुद्रांत स्वतःच्या नावाला दुसऱ्या माणसाचे नाव षष्ठीने जोडून घेणारी ही मुद्रा विशेष लक्षणीय आहे. ही षष्ठी भक्तीची आहे, तशीच ती चाकरीचीही आहे. दोन्ही अर्थ एकाच प्रत्ययात राहतात, हे जनाबाईच्या काव्याचे मर्म आहे.

येथे एक अडचण उपस्थित होते. संहितेत जे नाही, त्याला अर्थनिर्णयात स्थान द्यावे काय? रूपवादी समीक्षेचे उत्तर स्पष्ट नकाराचे असेल. जन्मस्थळ हे चरित्राचे द्रव्य आहे, काव्याचे नव्हे. याउलट स्थानिक अभिमानाचे उत्तर तितकेच स्पष्ट होकाराचे आहे : ती आमच्या गावची, म्हणून तिच्या काव्यात आमची माती. ही दोन्ही उत्तरे सारखीच अपुरी आहेत. पहिले उत्तर अनुपस्थितीला अर्थ नसतो असे गृहीत धरते. दुसरे उत्तर अनुपस्थिती मान्यच करीत नाही.

वस्तुतः जनाबाईच्या काव्यात गावाचे नसणे हीच अर्थपूर्ण गोष्ट आहे. दासीला गाव नसते, धन्याचे घर असते. ज्याचे श्रम दुसऱ्याच्या घरात गेले, त्याचा पत्ता त्या घराचा होतो. ज्ञानेश्वरांना आळंदी आहे, तुकोबांना देहू आहे, सावता माळ्याला अरण आहे. त्यांच्या स्मरणात प्रत्येकाचे नाव एकाच गावाशी घट्ट जुळून येते. जनाबाईची स्मृती मात्र दोन ठिकाणी विभागलेली आहे. पंढरपुराजवळ गोपाळपुरात तिचे जाते आणि संसाराची भांडी दाखवतात. गंगाखेडात तिचे मंदिर आहे. एका ठिकाणी तिचे श्रम स्मरणात आहेत, दुसऱ्या ठिकाणी तिचे मूळ. या दोन ठिकाणांमधली वाट, म्हणजे एका लहान मुलीचे दुसऱ्याच्या घरी कामाला जाणे, ही मात्र कोणत्याही मंदिरात नाही. ती महिपतीच्या ‘भक्तविजया’सारख्या (१७६२) चरित्रपर ग्रंथांनी भक्तिकथेच्या अंगाने हाताळली. तेथे तिच्या दळणाला, गोवऱ्यांना, चोरीच्या आळाला चमत्काराची जोड मिळाली. श्रमाचे दुःख देवाच्या साहाय्याने हलके झाले.

सुझी थारू आणि के. ललिता यांनी संपादित केलेल्या ‘विमेन रायटिंग इन इंडिया’ (१९९१) या संग्रहाने जनाबाईला भारतीय स्त्रीलेखनाच्या परंपरेत स्थान दिले, त्यामुळे मराठीबाहेरचा नवा वाचकवर्ग तिला मिळाला. हे महत्त्वाचे काम झाले. परंतु अशा अखिल भारतीय चौकटीत ती ‘शूद्र स्त्री’, ‘दासी’ अशा सामान्य संज्ञांनी ओळखली जाते आणि तिच्या पायाखालची वाट पुन्हा एकदा निसटते. सामान्य संज्ञा अन्यायाचे स्वरूप सांगते. अन्याय कोणत्या रस्त्याने चालत गेला, ते सांगत नाही.

४

जनाबाईच्या मुद्रेतील क्रियापदाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ‘जनी म्हणे’ यातील ‘म्हणे’ हे जुन्या मराठीतील वर्तमानकाळाचे रूप आहे : जनी म्हणते. आजच्या मराठीत हेच रूप दोन अर्थांनी उरले आहे. एक, रीतिभूतकाळ म्हणून : ती असे म्हणे, म्हणजे म्हणत असे. दोन, ऐकीव माहितीचा निर्देश करणारे अव्ययासारखे रूप म्हणून : पाऊस झाला म्हणे, साहेब बदलून गेले म्हणे. या दुसऱ्या वापरात बोलणारा नाहीसा झालेला असतो. कोणी म्हटले हे सांगण्याची गरज नसते, किंवा ते ठाऊकच नसते. ज्या रूपाने एके काळी बोलणाऱ्याची स्वाक्षरी केली, तेच रूप पुढे बोलणाऱ्याचा लोप सुचवू लागले.

हा व्याकरणातील फेरबदल साऱ्या मराठीचा आहे, हे खरे. परंतु मधल्या स्थळाच्या अनुभवाला तो विलक्षण जवळचा आहे. तालुक्याचे गाव ही ‘म्हणे’ची भूमी आहे. निर्णय अन्यत्र होतात; त्यांची वार्ता येथे पोचते. धरण होणार म्हणे, भाव वाढला म्हणे, रस्ता मंजूर झाला म्हणे. डोंगरातल्या खेड्याला ही वार्ता आणखी एका ‘म्हणे’ने लांब असते, राजधानीला ती प्रत्यक्ष असते. या दोहोंच्या मधे, वार्ता ऐकणारे आणि पुढे सांगणारे असे हे गाव असते.

या दृष्टीने परभणीचेच लेखक बी. रघुनाथ (१९१३–१९५३) यांच्याकडे पाहणे उद्बोधक ठरेल. निजामी राज्यातल्या बांधकाम खात्यात कारकून म्हणून परभणी-नांदेड भागात त्यांचे आयुष्य गेले. कचेरीची भाषा उर्दू, लेखनाची भाषा मराठी, प्रकाशनाची आणि मान्यतेची केंद्रे राज्याच्या सीमेपलीकडे मुंबई-पुण्यात, अशी त्यांची स्थिती होती. त्यांच्या कादंबऱ्यांच्या आशयाची चिकित्सा हा स्वतंत्र विषय आहे. येथे केवळ तीन शीर्षकांचा विचार करू : ‘म्हणे लढाई संपली’, ‘जगाला कळले पाहिजे’, ‘आडगावचे चौधरी’. पहिल्या शीर्षकातील ‘म्हणे’ने महायुद्धासारखी जागतिक घटनाही ऐकीव होते. लढाई संपली हे विधान आहे. म्हणे लढाई संपली हे विधान नव्हे, ते विधानापासूनचे अंतर आहे आणि त्यात उपरोधाची धारही आहे. दुसऱ्या शीर्षकात वार्तेची दिशा उलट आहे. येथले काही तिकडे कळावे अशी मागणी आहे आणि ‘पाहिजे’ या क्रियापदात ते अद्याप कळलेले नाही याची कबुलीही आहे. तिसऱ्या शीर्षकात ‘आड’ हा शब्द रस्त्याच्या, दृष्टीच्या आणि मान्यतेच्या आड असलेल्या गावाचे सूचन करतो. एकाच लेखकाच्या शीर्षकांत वार्ता येणे, वार्ता न जाणे आणि आड राहणे या तिन्ही गोष्टी याव्यात, याला योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

बी. रघुनाथ उपेक्षित राहिले, असे वारंवार म्हटले गेले आहे. उपेक्षेची कारणे देताना त्यांचे अकाली निधन, मराठवाड्याचा राजकीय वेगळेपणा, केंद्रांपासूनचे अंतर यांचा निर्देश होतो. ही कारणे खरी आहेत. पण एक कारण समीक्षेच्या अंगणातले आहे. ते ग्रामीण साहित्याच्या चौकटीत नीट बसत नाहीत. कारण कारकुनाच्या नजरेला शेत दिसते ते कागदावरून आणि दौऱ्यावरून. आणि नागर चौकटीतही बसत नाहीत. कारण त्यांचे नगर म्हणजे निजामी जिल्ह्याचे ठिकाण. ज्या लेखकासाठी कप्पा नाही, त्याला उपेक्षित म्हणून स्मरण करणे समीक्षेला सोपे जाते. उपेक्षा हा त्याचा विशेष होऊन बसतो आणि त्याचे लेखन वाचण्याची गरज उरत नाही.

५

आता पुन्हा जात्याकडे येऊ. मराठी स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्यांत जनाबाई आणि विठ्ठल यांचे दळण हा फार आवडीचा विषय आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी अनेक वर्षे खपून महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून या ओव्यांचे जे संकलन केले, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत; परभणी जिल्ह्यातील ताडकळससारख्या गावांतूनही ओव्या त्यात आल्या आहेत. या संकलनाचे मोठेपण असे की, येथे ‘म्हणे’चा कर्ता पुन्हा नोंदवला गेला : कोणत्या गावच्या कोणत्या बाईने ही ओवी म्हटली, हे त्यात लिहिलेले असते. लोकसाहित्याच्या जुन्या संग्रहांत बाई नाहीशी होई आणि ‘लोक’ तेवढे उरत.

ओव्यांतील जनाबाई आणि गाथेतील जनाबाई यांत एक सूक्ष्म फरक आहे. गाथेतील जनाबाई एकटी दळते आणि देव तिच्या साहाय्याला येतो. ओवी म्हणणारी बाई मात्र जनाबाईला आपल्या जात्यापाशी आणून बसवते. तिच्या दृष्टीने जनाबाई ही पूज्य व्यक्ती असतेच, शिवाय सोबतीणही असते. जनाबाईचे काव्य समजून घेताना या ओव्यांना केवळ ‘प्रभाव’ म्हणून खालच्या पायरीवर बसवणे योग्य नाही. त्या जनाबाईवरचे भाष्य आहेत. ज्या श्रमातून मूळ काव्य निघाले, तोच श्रम करीत केलेले हे भाष्य आहे. असे भाष्य मठात किंवा विद्यापीठात होणे शक्य नव्हते.

हे भाष्य कोठे थांबले? ते पिठाच्या गिरणीपाशी थांबले. आणि खेड्यांत वीज पोचण्यापूर्वी गिरणी सहसा आली ती बाजाराच्या गावी. म्हणजे जे गाव मंदिराच्या रूपाने जनाबाईचे स्मरण जपते, तशाच गावांनी तिच्या ओवीचा श्रमाधार काढून घेतला. यात दोषाचा प्रश्न नाही. पहाटे उठून दोन पायल्या दळणाऱ्या बाईला जाते सुटले याचा आनंदच झाला असणार, आणि ओवी टिकावी म्हणून तिने दळत राहावे असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही अभ्यासकाला नाही. पण स्मारक आणि गिरणी एकाच स्थळी असणे, हे मधल्या स्थळाचे खरे स्वरूप आहे. ते परंपरेचे रक्षणही करते आणि तिचा आधारही मोडते. ‘ग्रामीण’ या संज्ञेत परंपरा टिकलेली गृहीत असते, ‘नागर’ या संज्ञेत ती मोडलेली. दोन्ही एकाच बाजारपेठेत चालू असतात, हे पाहण्यासाठी तिसरी संज्ञा हवी.

‘गिरणी’ या शब्दाचा प्रवासही येथे आठवतो. १९९५ साली परभणीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष नारायण सुर्वे होते. मुंबईच्या कामगारवस्तीत वाढलेल्या या कवीच्या जगात गिरणी म्हणजे कापडाची गिरणी, श्रमाची जागा. परभणीच्या श्रोत्याच्या रोजच्या जगात गिरणी म्हणजे पिठाची गिरणी, श्रम हलका करणारी जागा. एकच शब्द, एकच भाषा, आणि श्रमाशी असलेले दोन उलट संबंध. मराठी समीक्षेने श्रमसंस्कृतीचा जो विचार केला तो बहुतांशी पहिल्या गिरणीच्या आधाराने. दुसऱ्या गिरणीचे वाङ्मयीन परिणाम अद्याप तपासले गेलेले नाहीत.

आणि श्रम संपला, असेही नाही. तो डोंगर उतरून दूर गेला. बालाघाटाच्या पट्ट्यातून, गंगाखेडच्या डोंगरगावांतूनही, दर वर्षी माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरायचा आणि पाच-सहा महिने फडावर राहायचे, हा या पट्ट्याचा व्यवहार आहे. या स्त्रीला आपण कोणत्या साहित्याची नायिका म्हणणार? वर्षातला अर्धा काळ ती गावात नसते. पण ती शहरातही नसते. लहानपणी काम करण्यासाठी दुसऱ्याच्या घरी गेलेल्या जनाबाईची वाट आणि हिची वाट एक नव्हे. एकीला जोडून भक्तीचे विश्व आहे, दुसरीला उचलीचा हिशेब आहे. तरीही ज्या प्रदेशाच्या एका प्राचीन कवयित्रीची कथा श्रमासाठी गाव सुटण्यापासून सुरू होते, त्या प्रदेशाच्या समीक्षेने ‘गाव’ ही स्थिर वस्तू मानावी, ही विसंगती आहे.

इंद्रजित भालेराव यांच्या ‘दूर राहिला गाव’ या संग्रहाच्या नावात हे अंतर आहे. आसाराम लोमटे यांच्या ‘इडा पिडा टळो’ आणि साहित्य अकादेमी पुरस्कार (२०१६) लाभलेल्या ‘आलोक’ या संग्रहांतील कथांत गावची सत्ता, राजकारण आणि त्यांत चेपला जाणारा माणूस येतो. या लेखकांना आपण ‘ग्रामीण’ म्हणतो तेव्हा त्यांच्या लेखनातील गाव आणि तालुका, शेत आणि कचेरी यांमधली सततची ये-जा आपण वाचनातून वगळत असतो.

६

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, जनाबाईच्या दास्याला सामाजिक अर्थ देताना तिच्या भक्तीचा संकोच होतो. वारकरी परंपरेत दास्य ही साधनेची उच्च अवस्था आहे आणि सधन कुळांत जन्मलेले संतही स्वतःला दास म्हणवतात. हा आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर असे की, जे संत रूपकाने दास होते आणि जी वस्तुतः दासी होती, त्यांच्या ‘दास’ या शब्दाचे वजन सारखे नसते. जनाबाईने रूपक घेतले ते तिच्या रोजच्या स्थितीतूनच. म्हणून तिच्या काव्यात देवालाच दळावे, झाडावे, पाणी आणावे लागते. अन्य संतांच्या काव्यात भक्त देवाच्या पायरीपर्यंत चढतो. जनाबाईच्या काव्यात देव ओसरीपर्यंत उतरतो. ही दिशा तिच्या सामाजिक स्थानाशिवाय समजत नाही, आणि तिच्या भक्तीशिवाय शक्यही होत नाही.

दुसरा आक्षेप असा की, नागर आणि ग्रामीण यांच्यामध्ये तिसरी कोटी निर्माण केल्याने वर्गीकरणाचा रोगच वाढेल. उद्या चौथी आणि पाचवीही मागितली जाईल. तिसरा कप्पा म्हणून ‘निमनागर साहित्य’ असे काही उभे करण्याचा हेतू येथे नाही. तसे झाले तर पुरस्कार, परिसंवाद आणि प्रबंध यांची आणखी एक सोय होईल, इतकेच. मधले स्थळ ही साहित्यप्रकाराची संज्ञा म्हणून न वापरता वाचनाची जागा म्हणून वापरावी, असे सुचवावयाचे आहे. त्या जागेवरून ‘बनगरवाडी’ही वाचता येईल आणि मर्ढेकरही. प्रश्न एवढेच विचारायचे : या संहितेत कोण कोठून आले, वार्ता कोणाकडून कोणाकडे गेली, ‘म्हणे’चा कर्ता कोठे नोंदला आणि कोठे पुसला गेला.

या प्रश्नांची निकड विद्यापीठीय संशोधनाला विशेष आहे. ‘अमुक जिल्ह्यातील साहित्यिकांचे योगदान’ या धर्तीचे प्रबंध मराठवाड्यातील विद्यापीठांत मोठ्या संख्येने झाले आहेत. ते करणारे विद्यार्थी बहुधा अशाच पायथ्याच्या गावांतून येतात. त्यांच्या प्रबंधांत गावाचा एक प्रकरणभर भूगोल असतो, नंतर लेखकांची यादी असते आणि शेवटी योगदान सिद्ध होते. भूगोलाचा आणि संहितेचा संबंध मात्र कोठेच जुळत नाही; कारण तो जोडणारी परिभाषा आपण त्यांच्या हाती दिलेली नाही. केंद्राने घडविलेल्या संज्ञांनी स्वतःचे गाव वर्णन करताना तो विद्यार्थी स्वतःच्या अनुभवाविषयीही ‘म्हणे’ अशा सुरात लिहितो : आमचे गाव ग्रामीण आहे म्हणे. त्याला रोज दिसणारी गिरणी, कचेरी, मुकादमाची गाडी आणि डोंगरातून बाजाराला उतरणारी माणसे त्याच्या प्रबंधात येत नाहीत.

जनाबाईचा धडा येथे उपयोगी पडावा. तिने आपले गाव काव्यात सांगितले नाही, परंतु जेथे ती होती, त्या ओसरीची, जात्याची आणि शेणाची नोंद मात्र अचूक केली आणि शेवटी स्वतःच्या नावाने ‘म्हणे’ असे लिहिले. स्थळाचा अभिमान बाळगण्यापेक्षा स्थळावरून बोलणे कठीण असते. गंगाखेडसारख्या गावातून येणाऱ्या अभ्यासकाने गावाचे माहात्म्य सांगण्याची आवश्यकता नाही. तेथे उभे राहून जे दिसते ते कर्त्यासह सांगण्याची आहे. मराठी समीक्षेला पायथ्यावरून डोंगर कसा दिसतो, हे अद्याप कोणी नीट सांगितलेले नाही.